हरळीचा पगार

बाबांनी चपला काढल्या, तिथून हे माझ्या डोक्यात बसलं.

कोजागिरी होऊन चार-सहा दिवस झाले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दाखवायला बाबा काटोलकडच्या आमच्या गावाहून नागपूरला आले होते. दवाखान्याची वेळ अकराची. खोलीवर एकटे बसून भिंतीकडं पाहत राहतील म्हणून पहाटेच त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि कामावर घेऊन गेलो. मी गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळतो. कागदावर माझ्या पदाचं नाव बरंच लांब आहे, पण गावात कुणी विचारलं की आई 'तो गवतावर आहे' एवढंच सांगते, आणि ते काही खोटं नाही. पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते, चंद्र अजून वर होता, आणि सातव्या ग्रीनवर इतकं दव पडलं होतं की हिरवं गवत राखाडी दिसत होतं. ग्रीन म्हणजे शेवटचा तो गुळगुळीत तुकडा, जिथं झेंडा रोवलेला असतो आणि चेंडू हलक्या हातानं भोकात ढकलायचा असतो. टाचेचं काही घालून त्यावर जायचं नाही असा आमच्याकडं नियम. बाबांना हे कसं सांगावं या विचारात मी होतो, तोवर त्यांनी आपणहून चपला काढल्या, जोडीनं कडेला ठेवल्या आणि अनवाणी आत आले. खळ्यात शिरताना काढायचे, अगदी तशा.

आमच्या शेतात पूर्वी ज्वारी असायची तेव्हा खळं असायचं. जमीन चोपून, शेणानं सारवून, दोन उन्हं दाखवून ती अशी टणक करायची की दाणा टाकला तर उडी मारावा. त्यावर पायताण घालून कुणी आलं की बाबांचा आवाज चढायचा. आता ज्वारी गेली, खळं गेलं, सोयाबीन थेट मळणीयंत्रातून पोत्यात जातं. गुळगुळीत जमीन दिसली की चपला काढायची सवय मात्र त्यांच्या पायात राहिली असावी.

मी बांबू घेतला. चौदा-पंधरा फुटांचा, शेंड्याकडं बारीक होत गेलेला, लवचीक. तो ग्रीनवर आडवा धरून अर्धगोल फिरवायचा. शेंडा गवताला लागून सरकतो, सळ्ळ असा आवाज येतो आणि त्याच्या मागं गडद हिरवा पट्टा उमटतो. थेंब पात्यांवरून खाली झडतात, पाती लवकर सुकतात. नऊ ग्रीन आहेत, एकेका ग्रीनला सात-आठ मिनिटं. दिवसातलं हे एकच काम मला मनापासून आवडतं. बाबा उभे राहून पाहत होते.

"हे काय झाडून राह्यला?"

"दव पाडतो."

"काहून?"

"रोग येते, बाबा."

ते काही बोलले नाहीत. खाली बसले, तळहात गवतावरून फिरवला, मग कडेचा एक फुटवा नखानं धरून हळूच ओढला. बोटभर धागा निघाला. त्याची गाठ त्यांनी अंगठ्यानं चेपली, डोळ्याजवळ नेली. ऑपरेशन केलेल्या डोळ्याजवळ.

"हे तं हरयी होय."

"हाव."

"इले जगवाचा पगार देतेत काय तुले?"

मी हसलो, तेही हसले. पुढं दवाखाना, औषधाचे थेंब, बसस्टँड, सगळं नीट झालं. पण एखादं कुसळ सदऱ्यात शिरावं, दिसू नये आणि टोचत मात्र राहावं, तसं ते वाक्य माझ्याकडं राहून गेलं.

ज्यांच्या शेतात काळी माती आहे त्यांना हरळी काय चीज आहे ते सांगायला नको. बाबांचं अर्धं आयुष्य तिच्याशी भांडण्यात गेलं. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिची मुळं उन्हात उलथी टाकायची, वखराच्या दात्यात अडकलेले झुपके सोडवायचे, बायांकडून निंदण करून घ्यायचं, वेचलेली हरळी धुऱ्यावर रचून जाळायची. एवढं करून मृगाचा पाऊस पडला की तुरीच्या ओळीत ती आपली हजर. एक गाठ मातीत राहिली तरी पुरते. आजोबा म्हणायचे, हरळी आणि भाऊबंदकी, वरून कापता येते फक्त. दुसरीकडं विहिरीच्या थारोळ्याजवळचा हातभर तुकडा आईनं कायम राखलेला. तिथं बाबांनी खुरपं लावायचं नाही, कारण गणपतीच्या एकवीस जुड्या तिथून यायच्या. म्हणजे एकाच घरात एकच गवत, शेतात शिवी आणि देवघरात दूर्वा. त्यात मी आता तिसरं काहीतरी करून ठेवलेलं.

आमच्या ग्रीनवरची हरळी तशी साधी नाही. तिचं नाव टिफड्वार्फ. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन म्हणून शास्त्रज्ञ होते. आपली हरळी आणि तिची दक्षिण आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण, यांच्या संकरातून त्यांच्याकडं टिफग्रीन आली, आणि त्या टिफग्रीनमध्ये आपसूक निपजलेलं बुटकं रूप १९६५ साली टिफड्वार्फ म्हणून बाहेर पडलं. ही हरळी बी धरत नाही. तुकडे करून, गाठी मातीत दाबून लावायची. त्यामुळं जगात जिथं जिथं ती आहे तिथं ती एकाच झाडाचे तुकडे आहे, आणि एकीला जो रोग सोसत नाही तो कुणालाच सोसत नाही. गंमत अशी की याच बर्टननी बाजरीचा टिफ्ट २३ए हा नरवंध्य, म्हणजे पराग न धरणारा, वाण काढला होता, आणि त्याच्यावरून भारतात पहिली संकरित बाजरी एचबी-१ आली, तीही १९६५ सालीच. एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षी एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला साहेबांचा चेंडू घरंगळायची सोय. त्या संकरित बाजरीचं पुढं सत्तरच्या दशकात गोसावी रोगानं पार मातेरं केलं. हे मी बाबांना नंतर कधीतरी सांगितलं. त्यांना बर्टनचं कौतुक वाटलं नाही. "गोसावी माहीत आहे मले," एवढंच म्हणाले.

ग्रीन ही खरं तर जमीन नसतेच. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर अर्धी वीत खडी, त्यावर फूटभर रेती. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेनं १९६० साली हा नमुना छापला, तोच थोड्याफार फरकानं सगळीकडं चालतो. पाणी थांबू नये म्हणून हा सगळा उपद्व्याप. रेतीत खायला काही नाही, म्हणून खत वरून, बाळाला वरण-भात भरवावा तसं थोडं थोडं आणि वारंवार. आणि गवत कापायचं किती, तर चार मिलिमीटरवर. रोज. माणसाला दर सकाळी जेवणाआधी रक्त काढून घेतलं तर तो जसा राहील तसं ते गवत राहतं. चेंडू जास्तीत जास्त घरंगळावा म्हणून मेंबरांना ते आणखी खाली हवं असतं. त्यासाठी मोजपट्टी आहे, स्टिम्पमीटर. खाचेची एक ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि किती फूट गेला ते मोजायचं. नऊ फूट गेला तर सगळे खूश. दहा गेला तर मला झोप नाही, कारण अर्धा मिलिमीटर कापणी खाली गेली की आठवड्यात बुरशी दारात उभी.

त्यातली आमची नेहमीची पाहुणी म्हणजे डॉलर स्पॉट. अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरएवढे वाळलेल्या गवताच्या रंगाचे गोल ठिपके पडतात, म्हणून हे नाव. मी डॉलर हातात धरलेला नाही. माझ्यासाठी ते आजीच्या बटव्यातल्या राणीछाप रुपयाएवढे आहेत, आणि आमच्या माळी मंडळींत त्याला 'रुपया' असंच म्हणतात. 'चौथ्यावर रुपया पडला' म्हटलं की सगळे समजतात. सगळं जग जवळपास ऐंशी वर्षं या बुरशीला एका नावानं हाक मारत होतं, २०१८ साली शास्त्रज्ञांनी तिचं कूळच बदललं आणि क्लॅरीरीडिया असं नवं नाव दिलं, सी. रीड फंक या गवताच्या जाती पैदा करणाऱ्या माणसाच्या नावावरून. रोगाला आपलं नाव मिळणं हा मान की शाप, मला ठरवता येत नाही.

ती ओळखायची वेळ पहाटेची. पात्यांवर पांढरे, कापसाच्या तंतूंसारखे धागे दिसतात. कोळ्याचं जाळंही दवात अगदी तसंच चमकतं, आणि नवीन आलेली पोरं हमखास घोळ करतात. मी त्यांना गुडघ्यावर बसवतो. कोळ्याचं जाळं ताणलेलं असतं, सपाट, चादर वाळत घातल्यासारखं. बुरशी पात्यांच्या अंगाला बिलगून फुगलेली असते आणि ऊन वर आलं की नाहीशी होते. जाळं मात्र राहतं. मग एखादं पातं तोडून उजेडात धरायचं. मध्ये फिकट डाग, दोन्ही कडांना लालसर तपकिरी रेघ, कमरेत आवळलेल्या डमरूसारखा. तरीही शंका राहिली तर गवताचा एक गोळा मातीसकट काढायचा, ओला टिश्यू घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी पिशवीत कापूस फुललेला असेल तर उत्तर मिळालं. एकदा अशी पिशवी मी खोलीवर देवाच्या फळीखाली ठेवली होती. आई आलेली होती, तिनं दूर्वा समजून ती सोडली आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आणि ते दव. ते सगळंच आभाळातून पडलेलं नसतं. रात्री मुळं पाणी ओढत राहतात आणि ते पात्याच्या टोकातून, कापलेल्या जखमेतून थेंबाथेंबानं बाहेर येतं. त्यात थोडी साखर असते, थोडं नत्र. बुरशीला आयतं ताट. ते ताट तासभर आधी उचललं तर औषधाची एखादी फवारणी वाचते, म्हणून तो बांबू. इतक्या साध्या कामावर रोग हटतो हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पुढच्या श्रावणात झड लागली.

आठ दिवस सूर्य दिसला नाही. विदर्भातली झड ज्यानं पाहिली त्यालाच तो वास कळेल. ओल्या भिंती, ओलं सरपण, न वाळलेल्या कपड्यांचा कुबट दर्प, आणि शेतात चिभडलेल्या सोयाबीनचा आंबूस पिवळेपणा. रात्रीही उकाडा. सातव्या ग्रीनच्या उतरत्या बाजूला, पाणी वाहून गेलेल्या ओघाच्या रेषेत, पहिल्या दिवशी काळपट तेलकट चट्टे दिसले. तेल सांडून कुणी पुसलंय असं वाटावं तसे. बोट लावलं तर पातं चिकट. पिथियम. हा रुपयासारखा सभ्य पाहुणा नाही, एका रात्रीत ग्रीन बसवतो. पाण्यावर चालतो, मशीनच्या चाकावर चालतो, माणसाच्या बुटावरही चालतो. म्हणून त्या ग्रीनवर मशीन घालायचं नाही, घातलं तर धुतल्याशिवाय दुसरीकडं न्यायचं नाही. पिथियम खरी बुरशी नव्हेच. दिसते बुरशीसारखी, पण तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. तिची बीजं शेपट्या हलवत पाण्यात अक्षरशः पोहतात. त्यामुळं बुरशीची नेहमीची पुष्कळ औषधं तिच्यासमोर पाण्यासारखी. बाजरीचा गोसावी याच घराण्यातला. संत्र्याचा डिंक्याही.

सहाला वीस मिनिटं कमी होती. मी स्टोअरमध्ये तराजूवर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या मिश्रणाचं पाकीट मोजत होतो, तोंडावर मास्क, हातात जाड मोजे, आणि खिशात फोन वाजला. मोजा काढून घेतला.

"बाबू, खालच्या वाफ्यात पंधरा-वीस झाडाले डिंक सुटला."

"कधीपासून?"

"चार दिस झाले. दुकानवाल्यानं पावडर देली. आयात टाकू म्हने. कार्बन का काय लिवलं हाये."

कार्बेन्डाझिम. मला तिथंच कळलं. रुपयावर चालेल, हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेला चालेल, पण डिंक्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तेवढ्यात बाहेर सुपरवायझर हाक मारत होता, सातव्यावर मोठे साहेब येऊन उभे राहिले होते आणि शनिवारी स्पर्धा होती. मी म्हणालो, बाबा, कामावर आहो, संध्याकाळी करतो फोन.

"बरं. तुमच्या तिथं याचं काही औषध असन तं थोडंसं आनता येईन का?"

"नाही आनता येत. मोजमाप असते सगळं."

"बरं बरं. राहू दे."

फोन ठेवला तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात त्याच औषधाचं पाकीट होतं.

चोरून न्यायची गरजच नव्हती. काटोलच्या कुठल्याही कृषी केंद्रात ते मिळतं. फक्त नाव सांगायचं होतं. दोन शब्द. संध्याकाळी सातव्या ग्रीनवर दुसरी फेरी झाली, खोलीवर आलो, जेवलो आणि झोपलो. फोन तिसऱ्या दिवशी केला. तोवर वीस झाडांच्या आळ्यांत ते पांढरं पाणी ओतून झालं होतं आणि बाबा समाधानी होते. मी नवीन नाव सांगितलं. "मंग हे टाकलं ते वाया गेलं म्हन," असं म्हणून ते थोडा वेळ गप्प राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सातवा ग्रीन वाचला. शनिवारची स्पर्धा झाली. चट्ट्यांच्या जागी आम्ही नर्सरीतल्या गवताचे तुकडे बसवले होते, इतके बेमालूम की एकाही मेंबरला दिसले नाहीत.

तेव्हापासून मी नकळत हिशेब करायला लागलो. आमचा एक ग्रीन साधारण पाचशे चौरस मीटरचा, म्हणजे पाच गुंठे. नऊ ग्रीन म्हणजे पंचेचाळीस गुंठे, एकराच्या थोडं वर. त्यावर सात माणसं, पहाटे साडेपाचपासून. पाच दिवसांचं सरासरी तापमान आणि हवेतली आर्द्रता घातली की उद्या रुपया पडण्याची शक्यता किती टक्के, हे सांगणारं गणित आमच्या मोबाइलवर आहे. बाबांकडं दोन एकर संत्रा. सहा बाय सहा मीटरवर एकेक, सव्वादोनशे झाडं, आणि माणूस एक, त्याचा एक डोळा नुकता दुरुस्त झालेला. औषध तेच, दुकानही तेच. बाबांनी रोग चौथ्या दिवशी मला सांगितला होता, म्हणजे फार उशिरा नाही. उशीर पुढचा होता, आणि तो माझा होता.

आमच्या स्टोअरच्या भिंतीवर एक तक्ता आहे. कुठलं औषध कुठल्या गटातलं, मागच्या वेळी काय मारलं, या वेळी काय मारायचं नाही. एकाच गटाचं औषध लागोपाठ मारलं की बुरशी त्याला सरावते, आणि रुपयाची बुरशी त्या बाबतीत फार हुशार. कार्बेन्डाझिमच्या गटाला ती अमेरिकेत सत्तरच्या दशकातच सरावली होती. त्याही आधी तिकडं ग्रीनवर पारा आणि कॅडमियम मारायचे. आता फवारणी करायची तर अंगभर कपडे, चष्मा, मास्क, वारा किती आहे ते पाहायचं, पाटी लावायची, गवत सुकेपर्यंत कुणी आत जायचं नाही. हे सगळं योग्यच आहे, मी ते काटेकोर पाळतो आणि पोरांनाही रागावून पाळायला लावतो. पण चष्म्याच्या काचेवर वाफ धरली की मला दर वेळी २०१७ चं यवतमाळ आठवतं. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून, सदरा भिजवत, कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेली माणसं. वीसवर शेतकरी, शेतमजूर गेले त्या हंगामात. त्यातल्या कितींच्या तोंडावर निदान फडकं होतं, कुणास ठाऊक. बाबा अजूनही उपरणं गुंडाळून फवारतात. मी मागच्या वर्षी मास्क नेऊन दिले. ते खुंटीला टांगलेले आहेत, पिशवीसकट, पाहुण्यांना दाखवायला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वीसातली सहा झाडं जाणार हे लांबूनच दिसत होतं. पानाची शीर पिवळी पडलेली, शेंडे उघडे, आणि फांद्यांवर लिंबाएवढी राहिलेली फळं. आंबिया बहार उतरायला आला होता, व्यापारी बागेत फिरून गेला होता आणि त्या सहांकडं पाहून त्यानं भाव पाडला होता. खालच्या वाफ्यात उतार कमी, पाणी पाटानं सोडलेलं, खोडाला लागून. वर्षानुवर्षं माती चढत चढत कलमाचा जोड जमिनीत गाडला गेलेला. जंबेरी लिंबाच्या खुंटावरची जुनी कलमं आहेत ती, आणि जंबेरीला डिंक्या फार लवकर धरतो. हे सगळं मी एखाद्या साहेबासारखं उभं राहून सांगत होतो. आळं दुहेरी करायचं बाबा, खोडाभोवती आतलं एक कोरडं ठेवायचं आणि पाणी बाहेरच्यातून द्यायचं. बाबा ऐकत होते आणि ऐकता ऐकता प्लास्टिकच्या ड्रमात मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, ढवळत होते.

बोर्डो पेस्ट त्यांनी माझ्या आधीपासून केलेली आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र. निळं आणि पांढरं मिसळलं की आभाळासारखा जो रंग येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही. मग त्यांनी कमरेचा विळा काढला, पातं दगडावर घासून लखलखीत केलं आणि मिश्रणात बुडवून धरलं. बाहेर काढलं तर पात्यावर लालसर झाक. तांबं बसलं होतं. म्हणजे चुना कमी. आणखी दोन मुठी टाकल्या, पुन्हा विळा बुडवला. या वेळी पातं स्वच्छ निघालं. आमच्याकडं याच कामासाठी कागदाच्या पट्ट्या आहेत, रंग पाहून आकडा सांगणाऱ्या. मी त्यांचा उल्लेख केला नाही.

खोडावरची कुजलेली साल मी चाकूनं खरवडत होतो. आत तपकिरी, ओली, आंबट वासाची, आणि कडेला मधासारखा गोठलेला डिंक, त्यात एक मुंगी अडकलेली. जिवंत हिरवट साल लागेपर्यंत खरवडत जायचं. बाबा मागून कुंचल्यानं पेस्ट लावत येत होते, कमरेपर्यंत. बोलता बोलता त्यांना मी फ्रान्समधली गोष्ट सांगितली. तिकडं बोर्डोजवळ द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्देत नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की सगळी बाग रोगानं गेली तरी रस्त्याकडचे तेवढे वेल हिरवे आहेत. १८८५ साली त्यांनी ते छापलं. बाबा कुंचला हातात धरून थांबले.

"म्हन्जे हे राखनीचं होय. औषध मांगून झालं."

"हाव."

"राखनीले मानूस लागते," ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं गेले. मला उद्देशून म्हणाले की झाडाला, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं जाग आली. पाच वाजले होते, घरात सगळे झोपलेले. लोटा घेऊन शेताकडं गेलो. दव पडलं होतं. बागेतली खोडं अंधारात निळी दिसत होती, कमरेपर्यंत एका उंचीवर रंगवलेली, शाळेच्या कवायतीला उभी राहिल्यासारखी. धुऱ्यावर हरळी माजली होती, घोट्याच्या वर. मैदानावरच्या हरळीच्या कितीतरी पट उंच, कुणी न कापलेली, कुणी न भरवलेली, आणि रोगाचा एक ठिपका नाही. मी उगाच खाली बसलो. पात्यांवर पांढरं काहीतरी चमकत होतं. डोळे बारीक केले, एक पातं तोडून उजेडाकडं धरलं, पण उजेडच नव्हता अजून. म्हटलं, ऊन येईपर्यंत थांबू.

मागून खोकल्याचा आवाज आला. बाबा कधी आले कळलं नव्हतं. उपरणं कानाला गुंडाळलेलं, हातात काठी.

"काय पाहून राह्यला?"

"जाळं होय का बुरशी, ते पाहतो."

"कशावर?"

"हरयीवर."

ते माझ्याकडं पाहत राहिले. त्या नव्या डोळ्यानं आता त्यांना पुष्कळ दिसतं.

"उपट ना मंग ते."

मी झुपका मुठीत धरला आणि ओढला. जाळं तुटलं. ते सपाट होतं, कोळ्याचं. हरळीचा वरचा भाग हातात आला, ओल्या मातीसकट, आणि खाली कुठंतरी मूळ तटकन तुटल्याचं मुठीला कळलं.